बुडखा गेला, जागा उरली: स्टंप ग्राइंडिंग सेवेचा उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

झाड पाडून देणारे वेगळे आणि बुडखा काढून देणारे वेगळे, हे झाड आडवं होईपर्यंत कोणी सांगत नाही. कोटेशनमध्ये ‘झाड काढणे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण धरून चालतो की मुळासकट. प्रत्यक्षात करवत जमिनीपासून गुडघाभर उंचीवर फिरते, फांद्या आणि ओंडके ट्रकमध्ये चढतात आणि बागेच्या ऐन मध्यावर बुडखा तसाच बसलेला असतो. माझी सगळी नोकरी विम्याच्या दाव्यांच्या फायली वाचण्यात गेली. त्यामुळे ‘काढणे’ म्हणजे कुठपर्यंत, हे मी आधीच लेखी विचारलं होतं आणि बुडख्यासाठी दुसरी सेवा शोधून ठेवली होती. हा रिव्ह्यू त्या दुसऱ्या सेवेचा. नाव देत नाही. या धंद्यातल्या सगळ्यांच्या जाहिराती आणि अटी इतक्या सारख्या असतात की नावाने तुमचं फारसं काही अडणार नाही.

रिव्ह्यू उशिरा लिहायचा हे मात्र मुद्दाम ठरवलं होतं. या सेवेला ऑनलाइन जे पाच-पाच तारे पडलेत, ते बहुतेक काम झालं त्याच संध्याकाळी दिलेले आहेत. फोटोत सपाट माती, त्यावर फावड्याच्या पाठीचे गुळगुळीत पट्टे, खाली ‘एकदम क्लीन काम’. त्या संध्याकाळी सगळंच क्लीन दिसतं. मला बुडखा नको होता हे खरं, पण पैसे मी मोजले ते त्या जागेसाठी. तिथे काय उगवतं, काय पिवळं पडतं, जमीन कुठे खचते हे कळायला पावसाचा आणि उन्हाचा एकेक फेरा जावा लागतो. तेवढा गेला, आता लिहिते.

आमचं झाड निलगिरीचं होतं. गच्चीकडे झुकलेलं आणि बुंध्यात पोकळी पडलेली, त्यामुळे जाण्याबद्दल घरात वाद नव्हता. वाद होता तो बुडख्यावर. आमच्या ह्यांचं मत, राहू दे, आपोआप कुजेल. कुजेलही, पण कठीण लाकडाचा जाड बुडखा कुजायला पाच-दहा वर्षं सहज जातात. शिवाय निलगिरी बुडख्यातून फुटते, आणि जोरात फुटते. जगभर तिची लागवड लाकडासाठी होते ती याच गुणावर: तोडा, ती परत वाढते, परत तोडा. म्हणजे आम्ही बुडखा ठेवला असता तर काही वर्षांनी एका झाडाच्या जागी पाच-सहा काठ्या उभ्या राहिल्या असत्या. मुलाने कुठेसं वाचून मीठ ओतायचा उपाय सुचवला. मिठाने बुडखा मरेल न मरेल, आजूबाजूची माती मात्र नक्की बाद होते आणि त्या जागेत पुन्हा काही लावायचा विचारच सोडून द्यावा लागतो. बाजारात बुडखा कुजवायची पावडर मिळते. ती बहुधा पोटॅशियम नायट्रेट असते. बुडख्याला भोकं पाडून त्यात भरायची आणि पाणी घालायचं. ती कुजण्याचा वेग वाढवते एवढंच, पुढच्या हंगामात जागा मोकळी करून देत नाही. जेसीबीने उपटायचा पर्यायही होता. पण त्यात बुडख्याबरोबर निम्मी बाग उपटली जाते, जड यंत्राच्या चाकांखाली उरलेली माती दाबून घट्ट होते, आणि आमच्या इथे तर पाण्याची पाइपलाइन शेजारूनच जाते. तेव्हा ग्राइंडर, म्हणजे बुडखा जागच्या जागी दळून त्याचा भुगा करणारं मशीन.

बुकिंगचा अनुभव साधारण. फोनवरच्या मुलीने बुडख्याचा फोटो मागितला, व्यास विचारला आणि लगेच आकडा सांगितला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या कामाचा दर बुडख्याच्या व्यासावर ठरतो, आणि तो व्यास कापलेल्या माथ्याचा नाही, जमिनीलगतचा धरतात, मुळांचे फुगवटे धरून. आमच्या बुडख्यात या दोन मापांत हातभर फरक होता. मी जमिनीलगतचं माप दिलं म्हणून नंतर घासाघीस झाली नाही. नाहीतर माणसं दारात आल्यावर आकडा वाढतो आणि तोवर आपण नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. तिने फाटकाची रुंदी विचारली नाही. विचारायला हवी होती. मशीन आत आणायलाच जागा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. किती खोल दळणार, हेही तिने आपण होऊन सांगितलं नाही. ‘मॅडम, पूर्ण निर्मूलन’ एवढंच. पूर्ण म्हणजे किती सेंटिमीटर, असं विचारल्यावर लाइन होल्डवर गेली. परत आल्यावर उत्तर मिळालं: ‘गरजेप्रमाणे’.

यातलं सगळं शहाणपण ऑफिसात नसून मशीनवरच्या माणसाकडे आहे, हे तो आला तेव्हा कळलं.

त्याने मशीन गाडीवरून उतरवलंच नाही आधी. ‘काकू, पाणी कुठून येतं? मीटर कुठंय? विजेची वायर जमिनीतून गेलीय का कुठे?’ मग मीटरपासून नळापर्यंत स्वतः चालत गेला, मधल्या व्हॉल्व्हचं झाकण उघडून पाइप कोणत्या दिशेला वळतो ते पाहिलं आणि चुन्याची रेघ मारली. रेघ बुडख्यापासून दोन हातांवरून गेली. त्या बाजूचं मूळ तो मशीनने दळणार नव्हता, पहारीने उघडं करून करवतीने तोडणार होता, आणि त्याने तसंच केलं. बुडख्याभोवतीचे दगड वेचले. खिडकीच्या आणि कुंड्यांच्या बाजूला प्लायवुडचे उभे पत्रे लावले. आम्हाला सगळ्यांना घरात जायला सांगितलं. त्याचा स्वतःचा चष्मा, कानांवरची टोपणं, जाड बूट सगळं जागच्या जागी. जो माणूस साध्या चपला घालून हे मशीन चालवायला येईल, त्याला फाटकातूनच परत पाठवा.

मशीन पाहण्यासारखं आहे. पुढे एक उभं पोलादी चाक, त्याच्या कडेला कार्बाइडचे दाते. ते चाक फिरत फिरत बुडख्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डावी-उजवीकडे जातं, दर फेरीला लाकडाचा थोडासाच थर खातं, मग जरा खाली उतरतं. घाई करून एकदम खोल घातलं की चाक अडकतं, म्हणून चांगला चालक हावरटपणा करत नाही. हा नव्हता करत. निलगिरीचा वास घरभर भरला. मध्येच एकदा खणकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि त्याने लगेच बंद केलं. मुळांनी कवटाळलेला एक दगड निघाला, त्याच्या वरच्या अंगाला चकचकीत ओरखडा. दोन दाते बोथट झाले होते. त्याने पान्याने ते फिरवून नवी धार पुढे घेतली आणि पुन्हा सुरू. याचा जादा आकार लावला नाही, कारण दगड जमिनीत असणारच, असं त्याचं म्हणणं. हे मला आवडलं.

खोलीबद्दल त्याच्याशी जे बोलणं झालं ते खरं तर फोनवर व्हायला हवं होतं. वर नुसती हिरवळ लावायची असेल तर १५ ते २० सेंटिमीटर खाली गेलं तरी भागतं. फुलझाडं, झुडपं लावायची असतील तर ३० सेंटिमीटर तरी हवेत. त्या जागी ओटा किंवा फरशी येणार असेल तर नुसतं दळून चालतच नाही. लाकूड शक्य तितकं बाहेर काढून खड्डा मुरूम-मातीने थराथराने दाबून भरावा लागतो, नाहीतर खालचं लाकूड कुजत जाईल तशी वरची फरशी बसत जाते. मी ३० सांगितले. त्याने दळून झाल्यावर भुगा बाजूला करून लोखंडी गज टेकवला आणि टेप लावून माप दाखवलं, मी विचारायच्या आधी. मशीनच्या कामाला माझे पाचपैकी पाच तारे, आणि ते त्याचे आहेत, कंपनीचे नव्हेत.

आता पॅकेज.

जाहिरातीत सर्वात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते ‘जागा लागवडीस तयार करून देऊ’. त्यासाठी वेगळे पैसे. मी ते घेतलं, कारण माती आणून टाकायचं काम वाचेल असा हिशोब होता. दळणाऱ्याचं काम संपलं की तो जातो आणि दुसरी दोघं येतात. दळल्यावर जो भुगा निघतो तो खड्ड्यात मावेल त्याहून कितीतरी जास्त असतो, कारण घट्ट लाकूड मोकळं झालेलं असतं आणि त्यात माती मिसळलेली असते. या दोघांनी तो भुगा फावड्याने परत खड्ड्यात लोटला, पायाने दाबला, उरलेला पोत्यांत भरला आणि वरून आणलेली माती पसरली. फावड्याची पाठ फिरवली. फोटो काढला. झालं, लागवडीस तयार!

ते गेल्यावर मी खुरपं खुपसलं. वरची माती बोटाच्या दोन पेरांएवढी. त्याखाली खड्ड्याच्या तळापर्यंत ओल्या, लालसर ढलप्या.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटतंय त्यांच्यासाठी जरा खोलात जाते, कारण हा सगळा रिव्ह्यू याच एका गोष्टीसाठी आहे. लाकूड कुजवायचं काम जमिनीतले जिवाणू आणि बुरशा करतात. त्यांना शरीर वाढवायला कर्बाबरोबर (कार्बन) नत्र (नायट्रोजन) लागतं, साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र. शेणखत, ओला पाला यांत हे प्रमाण बऱ्यापैकी जवळ असतं. लाकडाच्या भुग्यात ते शेकड्यांत जातं, एका भाग नत्रामागे ३०० ते ५०० भाग कर्ब. म्हणजे जिवाणूंपुढे कर्बाचा डोंगर आणि नत्राचा तुटवडा. हा तुटवडा ते आजूबाजूच्या मातीतून भरून काढतात. त्यांच्या तुलनेत रोपाची मुळं संथ असतात, त्यामुळे नत्र आधी जिवाणूंच्या पदरात पडतं आणि रोप उपाशी राहतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, वाढ थांबते, आणि माणूस समजतो की रोपच खराब निघालं. हे नत्र कायमचं जात नाही, लाकूड कुजून संपत आलं की परत मातीत सुटतं, पण त्याला काही हंगाम लागतात.

आणि हा तोटा भुगा मातीत *कालवला* तर होतो. तोच भुगा मातीवर नुसता पसरला तर त्याचा मातीशी संबंध फक्त खालच्या पातळ थरापुरता येतो, मुळांच्या वाट्याचं नत्र जवळजवळ शाबूत राहतं, वर ओल टिकते आणि तण कमी येतं. म्हणजे वस्तू उत्तम, तिची जागा चुकवलेली. मी ऑफिसला फोन केला.

‘मॅडम, तो भुगा म्हणजे खतच आहे ना. कुजला की सोनं.’

‘कधी कुजेल?’

‘निसर्ग आहे मॅडम. सांगता येत नाही.’

‘मग आज लागवडीस तयार कसं?’

पुन्हा होल्ड. मी त्यांच्याच अटींच्या कागदातली ओळ वाचून दाखवली: ‘खड्डा लागवडयोग्य मातीने भरला जाईल’. मातीने, असं लिहिलंय. बराच वेळ इकडून तिकडे फोन फिरवल्यावर त्यांनी पैसे परत करायला नकार दिला, पण तीच दोघं परत येऊन भुगा उपसतील आणि गाडीभर माती टाकतील यावर तडजोड झाली. आली, उपसलं, टाकली. तक्रार ऐकून घेतली याचा एक तारा देते. पॅकेजला मात्र पाचपैकी एकही नाही, कारण जे माझ्याकडे नीट झालं ते अटींचा कागद वाचला म्हणून झालं. ज्यांनी वाचला नाही त्यांच्या वाफ्याखाली तो भुगा अजून तसाच आहे.

भुगा मी त्यांना नेऊ दिला नाही. तो बागेतल्या पायवाटेवर आणि जुन्या झुडपांच्या भोवती पसरला, ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटवला तर साल कायम ओली राहून कुजते. निलगिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्या पानांत तेलं आणि अशी काही द्रव्यं असतात की तिच्याखाली दुसऱ्यांचं बी रुजायला त्रास होतो. ताजा भुगा नव्या वाफ्यावर न टाकता आधी काही महिने ढिगात मुरू दिलेला बरा. जुन्या, मुरलेल्या झुडपांना काही झालं नाही.

तुमचं झाड निलगिरीचं नसेल तर तुमचे प्रश्न वेगळे असतील, आणि या सेवेने मला एकदाही विचारलं नाही की झाड कोणतं होतं आणि का काढलं. तिथल्या लागवडीचं सगळं गणित तर याच दोन उत्तरांवर आहे. अक्रोड असेल तर त्याच्या मुळांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, त्याने टोमॅटो आणि त्याच्या कुळातली रोपं सुकतात. मुळं कुजेपर्यंत तो धोका राहतो. गुलाबाच्या जागी पुन्हा गुलाब किंवा सफरचंदाच्या जागी पुन्हा सफरचंद लावलं तर नवं रोप अनेकदा मरगळतं, कारण त्या कुळावर जगणारे सूत्रकृमी आणि बुरशा मातीत टपून असतात. पॉप्लरसारखी काही झाडं थेट मुळांतून फुटतात, त्यांचा बुडखा दळला तरी लांबवर कोंब येत राहतात आणि ते दिसतील तसे उपटत राहावं लागतं. आणि झाड मूळकुजीने मेलं असेल तर गोष्टच बदलते. आर्मिलारिया नावाची बुरशी उरलेल्या मुळांवर वर्षानुवर्षं जगते आणि बुटाच्या काळ्या नाडीसारखे तंतू सोडत मातीतून पुढच्या झाडापर्यंत पोचते. अशा ठिकाणचा भुगा बागेत पसरायचा नाही, मुळं जमतील तेवढी खणून काढायची, आणि तिथे काही वर्षं झाड किंवा लाकडी खोडाचं झुडूप लावायचं नाही. ऑफिसातल्या मुलीला हे माहीत असावं अशी अपेक्षा नाही, पण फॉर्मवर ‘झाड का काढले?’ असा एक रकाना टाकायला काय जातं?

त्यांनी उलट मला ‘मुळं मारण्याचं औषध’ विकायचा प्रयत्न केला. घेतलं नाही. निलगिरीचा फुटवा बुडख्यातून येतो, दूरच्या मुळांतून सहसा नाही. तिची बुडख्याकडची गाठच ३० सेंटिमीटरपर्यंत दळून गेल्यावर मारायला उरलं काय? उरलेली मुळं जमिनीतच राहतात आणि राहू द्यावीत. झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटरमध्येच असतात, पण पसरलेली मात्र फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेरपर्यंत. ती सगळी उपसायची तर बाग उरणार नाही. बारीक मुळं लवकर कुजतात, जाड मुळांना वर्षं लागतात, आणि ती कुजली की त्यांच्या पोकळीतून हवा आणि पाणी खाली जातं.

पाऊस झाल्यावर त्या जागेच्या कडेने भूछत्रांचा एक झुबका उगवला. मी फोटो पाठवल्यावर ऑफिसने तत्परतेने बुरशीनाशक फवारणीचं कोटेशन पाठवलं. भूछत्रं म्हणजे खालचं लाकूड कुजतंय याची पावती, त्यावर फवारायचं काहीच कारण नव्हतं. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर खुडून टाकावीत, तोंडात जायला नकोत. आम्ही नुसती पाहत बसलो.

मग लावलं काय? त्याआधी दोन चाचण्या केल्या, दोन्ही फुकटातल्या. पहिली: त्या जागेची माती एका कुंडीत, बागेच्या दुसऱ्या टोकाची माती दुसऱ्या कुंडीत, दोन्हीत मोहरी पेरली. उगवण सारखी झाली तर मातीत रुजण्याला अडवणारं काही उरलेलं नाही असं समजायला हरकत नाही. सारखी झाली, त्या जागेची रोपं किंचित फिकट होती, म्हणजे नत्र अजून कमी. दुसरी: ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. २.५ सेंटिमीटरहून कमी उतरलं तर निचरा वाईट. आमचं त्याहून बरंच जास्त उतरलं.

पाण्याचा मुद्दा निघाला म्हणून सांगते. मोठं झाड जमिनीतून रोज भरपूर पाणी ओढत असतं. ते गेलं की तीच जमीन ओली राहू लागते. पूर्वी जिथे पाणी घालून दमायचे तिथे आता मला हात आखडता घ्यावा लागला. माती हलकी असेल तर विषय इथेच संपतो. चिकण असेल आणि झाड घराच्या भिंतीजवळ असेल तर मात्र झाड तोडायच्या *आधी* इमारतीच्या जाणकाराला विचारा, कारण झाडाने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली चिकणमाती पाणी मिळाल्यावर फुगते आणि पाया उचलू शकते. हे काही बुडखा दळणाऱ्याच्या अखत्यारीतलं नाही, तरी ‘आम्ही सगळं पाहतो’ असं लिहिणाऱ्यांनी निदान उल्लेख करावा.

ऊन हा दुसरा बदल, आणि तो मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. निलगिरीची सावली विरळ म्हणतात, पण तिच्या आडोशाला ठेवलेल्या नेच्यांची पानं आठवड्याभरात कडेने करपली. त्या कुंड्या भिंतीच्या सावलीत गेल्या. उलट शेजारचा गुलाब, जो इतकी वर्षं तोंड वर करून नुसता उंच व्हायचा, तो बुडापासून फुटायला लागला.

बुडख्याच्या नेमक्या जागेवर पहिल्या हंगामात मी शेंगवर्गीय लावलं, गवारीसारखं हलकंफुलकं. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून घेतात, त्यामुळे मातीत नत्र कमी असलं तरी त्यांचं अडत नाही. हंगाम संपल्यावर झाडं उपटली नाहीत, जमिनीलगत कापली आणि मुळं मातीतच ठेवली. मग भरपूर शेणखत आणि झेंडू. झेंडू छान आला. मधोमध जमीन वाटीसारखी खचली, तळहात आडवा मावेल एवढी. हे होणारच होतं, कारण ३० सेंटिमीटरच्या खाली लाकूड आहेच आणि ते कुजतंय. म्हणून भरताना माती आजूबाजूच्या पातळीहून थोडी उंच ठेवायची आणि गाडीतली चार घमेली राखून ठेवायची. ऑफिसच्या हमीपत्रात एक वर्षाची हमी आहे ती ‘पुन्हा फुटल्यास’. खचण्याबद्दल अवाक्षर नाही. फुटणं त्यांच्या हातात आहे, खचणं नाही, म्हणून हमी कशाची द्यायची हे त्यांनी बरोब्बर ओळखलेलं आहे. विमा कंपनीत शोभले असते.

याच कारणाने नवं झाड मी बुडख्याच्या जागेवर लावलेलं नाही. ह्यांचा हट्ट होता की जिथून झाड गेलं तिथेच यावं, मोकळी जागा डोळ्यांना खुपते. पण खालचा भराव खचत जाणार, त्याबरोबर रोपही खाली जाणार, कलणार, आणि त्याची मान मातीत गाडली जाणार. मान, म्हणजे खोड जिथे रुंद होऊन मुळांत जातं ती जागा, उघडी राहायला हवी. शिवाय तिथे जुन्या जाड मुळांची जाळी आहे, नव्या मुळांना शिरायला वाव कमी. म्हणून दळलेल्या घेराच्या बाहेर, दोन मीटर बाजूला, घरापासून आणखी लांब, एक लहान चणीचं फुलझाड लावलं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याइतकीच, आणि भरायला तिथलीच माती. खड्ड्यात सगळं खतच खत भरलं तर मुळं त्या मऊ गादीतून बाहेर पडायला तयार होत नाहीत. खत वरून घालावं.

मागच्या कुंपणाशी जुन्या सुबाभळीचा एक बुडखा आहे, तो दर पावसाळ्यात फुटतो. त्यासाठी मी हीच सेवा परत बोलावणार आहे, आणि त्याच चालकाला मागणार आहे. ऑर्डर अशी देणार: ३० सेंटिमीटर, गज टेकवून माप दाखवायचं, पाइपची रेघ आधी, भुगा ताडपत्रीवर काढून माझ्याकडे, खड्डा उघडा. पॅकेज नको. सुबाभूळही शेंगवर्गातलीच, तेव्हा तिथे नत्राची ओरड कमी असेल असा माझा अंदाज आहे. तिच्या बियांचं मात्र काय करायचं ते बघावं लागेल, त्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहून उगवत राहतात.